गावाच्या मालकीचा संघ : ग्रीन बे पॅकर्स

फॉक्सकाठ

नमस्कार मंडळी,

अमेरिकन फुटबॉलचं नाव काढलं की आपल्याकडे "तो लांबट चेंडू काखेत मारून पळतात, तोच ना?" इथवर गप्पा येतात आणि थांबतात. मीसुद्धा इथे आलो तेव्हा याहून जास्त काही जाणत नव्हतो. विस्कॉन्सिन राज्यात ॲपलटनला राहून आता सोळा वर्षं झाली. ग्रीन बे इथून गाडीने पाऊण तासाच्या आत. त्या गावाने आणि त्याच्या संघाने मला असं धरून ठेवलंय की बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

आधी गावाचा आकार डोळ्यांपुढे आणा. २०२० च्या जनगणनेत ग्रीन बेची लोकसंख्या एक लाख सात हजार. कागदाच्या गिरण्या, चीजचे कारखाने, मांस डबाबंद करण्याचे कारखाने, मधून वाहणारी फॉक्स नदी. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि बाकीचे सगळे न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशा महानगरांचे किंवा निदान मोठ्या शहरांचे. त्यांच्या पंगतीत हे एवढंसं गाव बसलंय, आणि लीगची सर्वाधिक, म्हणजे १३ विजेतेपदं याच गावाकडे आहेत. बाकी प्रत्येक संघाला कोणी ना कोणी धनाढ्य मालक किंवा मालक कुटुंब आहे. पॅकर्सचे मालक पाच लाखांहून जास्त आहेत. शिक्षक, ट्रक चालवणारे, दूधवाले शेतकरी, आज्या, नातवंडं.

हे झालं कसं, ते सांगतो.

१९१८ मध्ये कर्ली लॅम्बो नावाचा इथलाच एक मुलगा नोत्र दाम विद्यापीठात फुटबॉल खेळायला गेला. टॉन्सिल्सच्या दुखण्याने घरी परतला आणि गावातच राहिला. इंडियन पॅकिंग कंपनी नावाच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. (नावातल्या 'इंडियन'चा भारताशी संबंध नाही. मांस डबाबंद करायची कंपनी होती.) ऑगस्ट १९१९ मध्ये लॅम्बो आणि 'ग्रीन बे प्रेस-गॅझेट'चा पत्रकार जॉर्ज कॅल्हून यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत पोरं जमवून संघ उभा केला. जर्सी घ्यायला पैसे नव्हते. कंपनीने ५०० डॉलर दिले, सरावाला आपलं मैदान दिलं. मांस 'पॅक' करणाऱ्यांनी पैसे दिले म्हणून संघ 'पॅकर्स'. ती कंपनी दोन वर्षांत दुसरीच्या पोटात गेली, नाव मात्र शंभर वर्षं टिकलं.

पहिल्या वर्षी मैदानाला कुंपणही नव्हतं, त्यामुळे तिकीट कसलं लावणार? कॅल्हून बघ्यांमध्ये टोपी फिरवायचा. जमेल ते खेळाडूंनी वाटून घ्यायचं.

१९२१ मध्ये संघ लीगमध्ये आला आणि वर्षाच्या आत हाकलला गेला. कॉलेजातल्या मुलांना खोट्या नावांनी खेळवलं म्हणून. चूक होतीच. लॅम्बोने पुढच्याच उन्हाळ्यात परवाना परत मिळवला. १९२२ च्या हंगामात पावसाने पाठ सोडली नाही. पावसाचा विमा काढला होता, पण ज्या दिवशी सामना बुडीत गेला त्या दिवशी पाऊस विम्याच्या मापापेक्षा किंचित कमी पडला, आणि विमा कंपनीने हात वर केले! पुढे थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला इथला मोठा सण) दिवशी पुन्हा धो धो पाऊस. सामना रद्द करावा तर दिलेला शब्द मोडतो, खेळवावा तर तिकिटं खपत नाहीत. तेव्हा वर्तमानपत्राचे व्यवस्थापक अँड्र्यू टर्नबुल म्हणाले, खेळा, गावातल्या व्यापाऱ्यांना तुमच्यामागे उभं करतो. त्यांनी शब्द पाळला. १९२३ मध्ये पाच डॉलरला एक याप्रमाणे एक हजार शेअर विकून ना-नफा कंपनी स्थापन झाली. लाभांश कधीही नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. पोस्ट फार लांबली.

गारठा

रुमाल टाकून ठेवतो. पण आधी खेळ दोन ओळींत सांगा ना, नाहीतर सामन्यांचं वर्णन डोक्यावरून जाईल.

फॉक्सकाठ

@गारठा, अगदी थोडक्यात. ज्याच्याकडे चेंडू त्या संघाला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकलात की पुन्हा नवे चार प्रयत्न. असं सरकत सरकत समोरच्याच्या हद्दीतल्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकपासून होते. तो चेंडू फेकतो, दुसऱ्याच्या हातात देतो किंवा स्वतः घेऊन घुसतो. एवढं पुरेल.

ऊसकरी

वाचताना आमचा कारखाना डोळ्यांसमोर आला. माझे वडील साखर कारखान्याचे सभासद. शेअर घेतला की ऊस नेण्याचा हक्क, दिवाळीला सवलतीची साखर, सभेला जाऊन बोलायची मुभा. या पॅकर्सच्या भागधारकाला पदरात नेमकं काय पडतं? लाभांश नाही म्हणता. निदान तिकीट तरी?

फॉक्सकाठ

ऊसकरी साहेब, तिकीटसुद्धा नाही. हंगामी तिकिटांची प्रतीक्षायादी लाखाच्या कितीतरी वर आहे. लोक मूल जन्मलं की त्याचं नाव यादीत घालतात. शेअर असला म्हणून त्या यादीत तुम्ही एक पायरीही वर जात नाही.

मिळतं ते इतकंच : एक प्रमाणपत्र, संचालक मंडळासाठी मत, आणि जुलैमध्ये स्टेडियमवर भरणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं निमंत्रण. शेअर बाजारात विकता येत नाही, घरातल्या माणसाला देता येतो. आणि कोणी एकाने गिळंकृत करू नये म्हणून प्रत्येकाच्या भागांवर कमाल मर्यादा.

एक फरक सांगायला हवा. आपल्या सहकारात एक सभासद एक मत. इथे एका शेअरला एक मत. म्हणजे कायद्याच्या भाषेत ही सहकारी संस्था नव्हे, ना-नफा तत्त्वावरची भागधारकांची कंपनी आहे. पण तुम्हाला वडिलांची आठवण झाली ती योग्यच. २०२१ च्या विक्रीत मी ३०० डॉलरचा एक शेअर घेतला. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं तेव्हा आई फोनवर म्हणाली, "म्हणजे देवळाला वर्गणी दिलीस." मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

१९२३ च्या घटनेतलं एक कलम मला फार आवडतं. संघ कधी विकला गेलाच, तर देणी भागवून उरलेली सगळी रक्कम माजी सैनिकांच्या स्थानिक शाखेला, सैनिकांचं स्मारक बांधायला. म्हणजे संघ विकून कोणाचाच खिसा भरणार नाही. मग विकण्याचा मोह कोणाला होईल? १९९७ मध्ये सैनिकांच्या शाखेऐवजी संघाचं धर्मादाय प्रतिष्ठान आलं, पण तत्त्व तेच राहिलं.

आडवाटेचा पांथस्थ

धागा आवडला. पण थोडी शंका आहे. गावाचं प्रेम वगैरे ठीक, प्रेम तर सगळ्याच गावांचं असतं. मग सुरुवातीला लीगमध्ये अशी बाकी छोटी गावं नव्हती का? ती का बुडाली?

फॉक्सकाठ

पांथस्थ, हाच खरा प्रश्न आहे, याचं उत्तर नीट देतो.

होती ना, भरपूर होती. कॅन्टन, रॉक आयलंड, मन्सी, डुलुथ, पॉट्सव्हिल. सगळी गेली. डिकेटरचा संघ शिकागोला गेला आणि आजचा बेअर्स झाला. पोर्ट्समथचा १९३४ मध्ये डेट्रॉइटला गेला. त्यातलं एकटं ग्रीन बे उरलं.

आणि हे गावसुद्धा तीनदा बुडता बुडता वाचलं. १९२३ चं वर सांगितलं. दुसऱ्या वेळी एक प्रेक्षक स्टँडवरून पडला, त्याने दावा जिंकला आणि संघाची विमा कंपनीच दिवाळखोर निघाली. महामंदीचे दिवस, संघावर न्यायालयाचा व्यवस्थापक आला. १९३५ मध्ये गावाने पुन्हा १५ हजार डॉलर जमवले. ही मंदीतली रक्कम आहे, लक्षात घ्या. त्याआधीच १९२९, ३० आणि ३१ अशी सलग तीन विजेतेपदं लॅम्बोने आणली होती. तीन वेळा अजिंक्य ठरलेला संघ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर!

तिसरी वेळ १९४९-५० ची. दुसरी लीग निघाली होती, खेळाडूंचे पगार चढले, तिजोरी रिकामी. थँक्सगिव्हिंगला संघाने आपसातच दोन गट करून सामना खेळला, जुने खेळाडू पुन्हा मैदानात उतरले, आणि त्यातून पैसा उभा केला. तीस वर्षं संघ चालवून लॅम्बो स्वतः शिकागोच्या दुसऱ्या संघाकडे निघून गेला. मग १९५० मध्ये २५ डॉलरला एक शेअर, जमले एक लाख अठरा हजार. राइट्सटाउनजवळच्या शेतावरची एक बाई काड्यापेटीच्या खोक्यात पाव डॉलरची नाणी घेऊन आली होती. २५ डॉलर म्हणजे शंभर नाणी. मी ती मनात मोजतो दर वेळी.

पण तुमची शंका रास्त आहे. नुसत्या प्रेमावर हे गाव १९६० नंतर टिकलं नसतं. संघ वाचला तो टीव्हीच्या पैशाच्या वाटणीमुळे. आधी प्रत्येक संघ आपापले टीव्ही हक्क विकायचा. न्यूयॉर्कच्या संघाला मिळणारा पैसा आणि ग्रीन बेला मिळणारा पैसा यांची तुलनाच नाही. लीगचे तरुण आयुक्त पीट रोझेल यांनी न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसच्या मालकांना पटवलं की हक्क एकत्र विकू आणि सारखे वाटू. १९६१ मध्ये अमेरिकन संसदेने त्यासाठी खास कायदा केला, अध्यक्ष केनेडी यांनी सही केली. सीबीएस या टीव्ही वाहिनीचा पहिला एकत्रित करार वर्षाला साडेशेहेचाळीस लाख डॉलरचा, १४ संघांत समान. प्रत्येकी सव्वातीन लाखांच्या वर. ज्यांचं जास्त जाणार होतं ते मोठे मालक राजी झाले, हे मला आजही मोठं वाटतं. आज टीव्ही धरून लीगच्या सामाईक उत्पन्नाचा समान वाटा दर वर्षी प्रत्येक संघाला ४० कोटी डॉलरच्या वर जातो. आकडा बाहेर येतो तोही पॅकर्समुळेच. बाकी संघ खासगी, हिशेब दाखवत नाहीत. पॅकर्सना भागधारकांपुढे ताळेबंद ठेवावाच लागतो.

गावाने चाळीस वर्षं संघ जिवंत ठेवला म्हणून तो वाटा घ्यायला संघ शिल्लक होता. माझ्या मते दोन्ही मिळूनच उत्तर होतं.

आडवाटेचा पांथस्थ

पटलं. आता दुसऱ्या कोणी असा संघ काढू म्हटलं तर?

फॉक्सकाठ

नाही काढता येत. लीगच्या आजच्या नियमानुसार एका प्रमुख मालकाकडे ठरावीक मोठा हिस्सा असलाच पाहिजे. पॅकर्स नियमाआधीपासून असे आहेत म्हणून त्यांना सवलत. ही पद्धत यांच्यापुरतीच.

मीनल_डॅलस

मी डॅलसची, म्हणजे इथल्या काउबॉइज संघाची, तेव्हा तुमच्या धाग्यावर यायला थोडी घाबरतेच आहे. पण 'आइस बोल' लिहिल्याशिवाय पॅकर्सचा इतिहास पुरा होत नाही, आणि ते लिहायचा हक्क हरलेल्यांना जास्त आहे.

३१ डिसेंबर १९६७. ग्रीन बे, लीगचं अजिंक्यपद. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस. गवताखाली विजेच्या तारा घालून मैदान ऊबदार ठेवायची यंत्रणा त्याच वर्षी बसवली होती, ती ऐन दिवशी बंद पडली. वरचा ओलावा गोठून मैदानाची काच झाली. पंचांनी सुरुवातीलाच शिटी वाजवली ती ओठाला चिकटली, ओढून काढताना कातडी निघाली. उरलेला सामना पंचांनी तोंडाने ओरडून चालवला. बँडच्या मुलांची वाद्यं गोठली, काहींना इस्पितळात न्यावं लागलं. आणि पन्नास हजार माणसं जागची हलली नाहीत.

शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा आम्ही १७-१४ ने पुढे होतो. पॅकर्सना ६८ यार्ड जायचं होतं. ते सरकत सरकत आमच्या रेषेपासून हातभर अंतरावर आले. दोनदा धाव घेतली, दोन्ही वेळा पाय घसरले. १६ सेकंद उरली, शेवटचा टाइमआउट संपला. सोपा पर्याय होता, लाथेने तीन गुण घेऊन बरोबरी. क्वार्टरबॅक बार्ट स्टार प्रशिक्षक लोम्बार्डींना म्हणाला, धावणाऱ्यांचे पाय घसरतायत, मीच घुसतो. आणि गार्ड (समोरच्यांना अडवून वाट करणारा खेळाडू) जेरी क्रेमरच्या पाठोपाठ घुसला. २१-१७.

आमच्या शेजारचे आजोबा त्या संध्याकाळबद्दल अजून बोलत नाहीत. विषय काढला की उठून आत जातात.

फॉक्सकाठ

मीनल, तुम्ही लिहिलंत हे फार छान झालं. मी इतकं मोकळेपणाने लिहू शकलो नसतो.

खोखोवाली

लोम्बार्डींबद्दल थोडं माझ्याकडून. मी शाळेत खोखो शिकवते, त्यामुळे प्रशिक्षकांविषयी मिळेल ते वाचते.

१९५८ मध्ये पॅकर्स बारांपैकी एकच सामना जिंकले होते. पुढच्या वर्षी विन्स लोम्बार्डी आले. त्यांची प्रसिद्ध चाल 'पॉवर स्वीप'. दोन गार्ड आपली जागा सोडून कडेला धावतात, वाट मोकळी करतात, चेंडूवाला त्यांच्या पाठीमागून. समोरच्या संघाला ठाऊक असायचं की हीच चाल येणार, तरी अडवता यायची नाही, कारण प्रत्येक पाऊल हजारदा घोटलेलं. आम्ही मुलींकडून खांबाला वळसा घालायची उडी घोटून घेतो तेव्हा मला हेच आठवतं. नवीन काही शिकवायच्या आधी एकच गोष्ट अशी पक्की करायची की पायांना विचारावं लागू नये.

१९६० च्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाकडून हरले. त्यानंतर लोम्बार्डींचे पॅकर्स बाद फेरीचा एकही सामना हरले नाहीत. १९६१, ६२, ६५, ६६, ६७ अशी पाच विजेतेपदं आणि पहिले दोन्ही सुपर बोल (तेव्हा दोन लीगच्या विजेत्यांमधला सामना, आज एनएफएलचा अंतिम सामना). सुपर बोलच्या करंडकाला आज त्यांचंच नाव आहे.

मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्या काळात ग्रीन बे जवळजवळ पूर्ण गोरं गाव. लोम्बार्डींनी गावातल्या खानावळींना आणि बारना बजावलं, माझ्या कृष्णवर्णीय खेळाडूंना दारातून परत पाठवलंत तर संघातला एकही माणूस तुमच्याकडे पाऊल ठेवणार नाही. विली वूड या खेळाडूला लीगच्या वार्षिक निवड प्रक्रियेत कोणीच घेतलं नव्हतं. त्याने स्वतः संघांना पत्रं लिहून संधी मागितली, पॅकर्सनी दिली, आणि तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला.

मिलवॉकीकर

आमच्या मिलवॉकीला विसरू नका! १९३३ ते १९९४ पॅकर्स दर वर्षी घरचे काही सामने इथे खेळायचे, कारण मोठ्या शहरात गल्ला मोठा. तुमच्या गावाचा संघ जगवण्यात आमचाही हातभार आहे. अजूनही जुन्या मिलवॉकी तिकीटधारकांसाठी हंगामातले ठरावीक सामने राखून ठेवलेले असतात, आणि माणसं १९० किलोमीटर गाडी हाकत जातात.

फॉक्सकाठ

शंभर टक्के मान्य. लिहायला हवं होतं.

स्टेडियमची गोष्टही सांगतो. १९५० च्या दशकात संघ एका शाळेच्या मैदानावर खेळत होता आणि लीगला ते पुरेसं वाटत नव्हतं. नवं बांधायचं तर कर्जरोखे, त्याला मतदान. एप्रिल १९५६. त्या प्रचारसभेत कोण बोलायला आलं? शिकागो बेअर्सचे मालक-प्रशिक्षक जॉर्ज हॅलस. पॅकर्सचे सगळ्यांत जुने वैरी! त्यांनी ग्रीन बेच्या लोकांना सांगितलं, स्टेडियम बांधा. दोन-तृतीयांशाहून जास्त मतं बाजूने पडली. २९ सप्टेंबर १९५७ ला पहिला सामना बेअर्सविरुद्धच झाला, आणि पॅकर्स जिंकले. कर्ली लॅम्बो १९६५ मध्ये वारला, तेव्हा स्टेडियमला त्याचं नाव दिलं.

मधली पंचवीसेक वर्षं, लोम्बार्डी गेल्यापासून १९९२ पर्यंत, भरभर सोडून देतो. जुने लोकही तेच करतात. मग क्वार्टरबॅक ब्रेट फार्व आला, १९९३ मध्ये बचावातला मातब्बर रेजी व्हाइट स्वतः होऊन या थंडीत आला, आणि जानेवारी १९९७ मध्ये न्यू ऑर्लिन्सला झालेल्या सुपर बोलमध्ये करंडक परत मिळाला. नंतर क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स आणि २०१० च्या हंगामाचा चौथा सुपर बोल.

गारठा

एक कडू प्रश्न. स्टेडियमचा पुढचा खर्च भागधारकांनीच केला का? की करदात्यांनी?

फॉक्सकाठ

दोघांनीही. २००० मध्ये ब्राउन काउंटीत (ग्रीन बे ज्यात येतं तो जिल्हा) अर्धा टक्का विक्रीकरासाठी मतदान झालं, ते जेमतेम ५३ विरुद्ध ४७ ने पास झालं. १९५६ सारखं भरभरून नव्हे. ज्यांना फुटबॉलशी देणंघेणं नाही अशांनीही २०१५ पर्यंत तो कर भरला. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंना हे अजून खटकतं आणि मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. २०११ ची शेअरविक्री मात्र स्टेडियम वाढवण्यासाठीच होती, ६ कोटी डॉलरच्या वर जमले.

ऊसकरी

तुम्ही स्वतः तिथे आत काही अनुभवलंत का? तिकीट तर मिळत नाही म्हणता.

फॉक्सकाठ

दोनदा. एकदा बर्फ उपसायला गेलो होतो. मोठा हिमवर्षाव झाला की स्टेडियमवाले आवाहन करतात, फावडी ते देतात, तासावर पैसे देतात. पहाटे अंधारात रांग लागते. पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत घसरगुंड्या लावलेल्या असतात. तुम्ही आपल्या ओळीतल्या बाकांवरचा बर्फ ढकलत त्या घसरगुंडीपर्यंत न्यायचा, तो सरसरत खाली मैदानाच्या काठाला. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ होते. ते दर वर्षी येतात आणि त्यांना आपल्याच बाकाची ओळ साफ करायची असते.

दुसऱ्यांदा लेकीला घेऊन, ऑगस्टच्या सराव शिबिराला. लोम्बार्डींच्या काळापासूनची इथली रीत : गावातली पोरं सायकली घेऊन स्टेडियमबाहेर उभी राहतात, खेळाडू एकेक सायकल निवडतो आणि तिच्यावर बसून रस्त्यापलीकडच्या सराव मैदानावर जातो. सायकलवालं मूल त्याचं हेल्मेट धरून शेजारून पळतं. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची, जांभळी सायकल, हँडलला झिरमिळ्या. एक नवखा पोरगा आला, शंभर-सव्वाशे किलोचा असेल. तिला विचारलं, "घेऊ का?" तिच्या तोंडून शब्द फुटेना. सीट त्याने वर केली नाही, गुडघे कोपरांना लागत होते, आणि ती हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून पळत होती.

ऑगस्टअखेर संघ ५३ जणांवर आणतात. त्यात तो नव्हता. लेकीने त्या झिरमिळ्या अजून काढू दिलेल्या नाहीत.